उंची आधी, कोन नंतर

‘ट्रॅकसाठी गाडी तयार करून द्या,’ असं म्हणत कल्याणला माझ्या गॅरेजात येणाऱ्या बहुतेक गाड्या आधीच कुठेतरी ‘लो’ करून आणलेल्या असतात. टायर चाकाच्या कमानीत लपलेला, बंपर जमिनीपासून चार बोटांवर. मालकाला हवी असते फक्त अलाइनमेंट. मी मशीनला हातही लावत नाही. गाडी चाकांवर उभी ठेवून जमिनीवर आडवा होतो आणि पुढच्या चाकाचा खालचा आर्म बघतो. तो चाकाकडे जाताना किंचित उतरत असेल किंवा आडवा असेल तर पुढचं बोलता येतं. चाकाकडे चढत असेल, तर गाडी कारखान्यातून आली तेव्हापेक्षा वळणावर वाईट वागणार, हे तिथेच कळतं.

हे मालकांना पटवणं सर्वांत अवघड जातं, म्हणून जरा खोलात सांगतो. स्विफ्ट असो की पोलो, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने बसवलेली ही रचना 1950च्या फोर्ड कॉन्सलबरोबर लोकांपर्यंत पोहोचली. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर एकाच खांबात आणि खाली एकच आर्म. स्वस्त, आटोपशीर, जागा वाचवणारी. पण वळणावर गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्या रोल सेंटरची जागा या रचनेत खालच्या आर्मच्या उतारावर फार अवलंबून असते. गाडी चार सेंटीमीटर खाली आणली की तिचं वजन चार सेंटीमीटर खाली येतं, पण रोल सेंटर त्याहून जास्त घसरतं. दोघांमधलं अंतर वाढतं आणि तेवढीच गाडीला कलवणारी तरफ लांब होते. खाली बसलेली गाडी जास्त कलते ती अशी. हे कलणं दाबायला मग आणखी कडक स्प्रिंगा घालाव्या लागतात.

शिवाय आर्म आडव्याच्या वर गेला की स्ट्रट दबताना चाकाचा खालचा सांधा आत ओढला जातो. समोरून पाहताना चाक वरच्या बाजूला आत झुकलेलं असणं म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर. वळणावर बाहेरच्या टायरला तो हवा असतो आणि नेमका तेव्हाच तो कमी होतो. टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो. चाक वळवणारा टाय रॉड आणि खालचा आर्म यांच्या कमानीही जुळेनाशा होतात. मग स्टिअरिंग न हलवता, नुसत्या उंचवट्यावर चाक स्वतःहून वळतं. हा बंप स्टिअर मोजायचा तर स्प्रिंग काढून चाक जॅकने दहा-दहा मिलिमीटर उचलत जावं लागतं आणि प्रत्येक टप्प्यावर चाक किती वळलं ते लिहावं लागतं. वेळखाऊ काम आहे, पण मला त्यात सर्वांत जास्त गाडी समजते.

उंची म्हणजे किती मोठी गोष्ट आहे, हे शिकवणारी एक गाडी आमच्या भागातच बनत होती. कल्याण-शीळ रस्त्यावरचा प्रीमियरचा कारखाना डोंबिवलीकरांना आठवत असेल. 1990च्या दशकात प्रीमियर आणि फ्रान्सची प्यूजो यांच्या भागीदारीतून तिथे 309 तयार होत असे. आपल्याकडे ती साधी घरगुती गाडी म्हणून आली आणि थोड्याच वर्षांत गेली. युरोपात मात्र 309ची जीटीआय आवृत्ती वळणांवरच्या वागणुकीसाठी नावाजलेली. तिच्या आकाराने लहान बहिणीचे, 205 जीटीआयचे ट्रॅकवरचे मालक आजही 309चा मागचा अ‍ॅक्सल शोधून आपल्या गाडीखाली बसवतात, कारण तो जास्त रुंद आहे.

त्या अ‍ॅक्सलला कॉइल स्प्रिंग नाहीच. आडव्या बसवलेल्या टॉर्शन बार, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या पोलादी सळया, गाडीचं मागचं वजन पेलतात. उंची बदलायची तर सळई दातांमधून बाहेर काढून वेगळ्या दातावर बसवायची. सळईच्या दोन टोकांना दातांची संख्या वेगळी ठेवलेली आहे. त्यामुळे एका टोकाला एक दात पुढे आणि दुसऱ्याला एक मागे, अशी व्हर्नियरसारखी बारीक उंची साधता येते. डावी-उजवी बाजू जुळवताना घाम निघतो, पण या कामात एक गोष्ट लख्ख दिसते. दात बदलून उंची बदलते, कडकपणा नाही. कडकपणा हवा तर सळईच जाड घ्यायला हवी. तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे 18 मिलिमीटरची सळई 20ची केली की गाडी मागून दीडपट कडक. आणि तिथे मागचा कॅम्बर किंवा टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, फिरवायला नट नाही. जुन्या गाडीची मागची चाकं वरून आत झुकलेली दिसली, तर ती सेटिंग नसते. अ‍ॅक्सलमधली बेअरिंग झिजलेली असतात. अलाइनमेंट म्हणजे नट फिरवणं, असं मानणाऱ्या प्रत्येक मुलाने असा एक अ‍ॅक्सल उघडून बघावा.

आता काम. माझी पहिली मागणी सपाट जमीन ही असते. चार चाकांखालच्या जागा पातळीत नसतील तर पुढचं प्रत्येक माप खोटं. टायरची हवा ठरवायची, टाकी निम्मी भरायची आणि चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. मग चार वजनकाट्यांवर गाडी. आपल्याकडे चालक उजवीकडे, त्यामुळे उजवी बाजू जड निघते. स्प्रिंगची बैठक फिरवून ते बदलत नाही. पुढचं-मागचं एकूण वजनही बदलत नाही. बदलतं ते कर्णातलं. डगमगत्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवली की त्या पायावर आणि कर्णातल्या समोरच्या पायावर भार येतो, तसंच. उजवं पुढचं आणि डावं मागचं चाक मिळून एकूण वजनाचा निम्मा भाग उचलत असतील, तर गाडी दोन्ही बाजूंना सारखी वळते. इथे मी तास घालवतो. हे सोडून कॅम्बर लावणाऱ्याने सगळं काम पुन्हा करायची तयारी ठेवावी, कारण उंची हलली की कॅम्बर हलतो आणि कॅम्बर हलला की टो.

शॉकच्या दांड्याला मी नायलॉनची पट्टी बांधतो. ट्रॅकवरून आल्यावर ती किती सरकली यावरून चाक किती दबलं ते कळतं. पट्टी बंप स्टॉपच्या रबराला जाऊन भिडली असेल तर गाडी जास्तच खाली आहे. रबरावर टेकलेल्या चाकाला स्प्रिंग उरत नाही. पुढचं टोक एकाएकी वळायचं थांबतं आणि चालक दोष टायरला देतो.

कॅम्बर रस्त्यावर अर्धा-पाऊण अंश निगेटिव्ह असतो. स्ट्रटवाल्या गाडीला ट्रॅकसाठी मी अडीच ते साडेतीन अंशांपर्यंत जातो. पंधरा इंची रिमवर एक अंश म्हणजे वर-खालच्या कडांत सुमारे साडेसहा मिलिमीटरचा फरक. साधा ओळंबाही तो दाखवतो. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासूनचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजतो. त्याच रिमवर एक मिलिमीटर म्हणजे 0.15 अंश. कॉम्प्युटरवाल्या मशीनशी माझं भांडण नाही, पण ट्रॅकवर पिटमध्ये ते मशीन नसतं आणि दोरी असते. पुढच्या चाकांची तोंडं प्रत्येकी मिलिमीटरभर बाहेर ठेवली की गाडी वळणात चटकन शिरते. मागची मात्र नवशिक्यासाठी मी किंचित आतच ठेवतो. मागून सुटणारी गाडी वेगवान असू शकते, पण पहिल्यांदा ट्रॅकवर उतरणाऱ्याला ती देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

ट्रॅकही सारखे नाहीत. कोइम्बतूरचा कारी सुमारे 2.1 किलोमीटरचा, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा 3.7चा, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट 5.125चा. छोट्या, वळणदार ट्रॅकवर जमणारा कॅम्बर बुद्धच्या लांब सरळ पट्ट्यावर टायरची आतली कड तापवतो आणि ब्रेकची पकड कमी करतो. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरच्या मोहित्यांच्या ट्रॅकने कार्टिंगमधून किती मुलं घडवली! कार्टला स्प्रिंगच नसते; चेसिस स्वतः वाकते. तिथून आलेल्या मुलाला वजन कुठून कुठे सरकतं हे सांगावं लागत नाही.

शेवटचा शब्द टायरचा. गाडी पिटमध्ये येताच सुईचा थर्मामीटर रबरात खुपसून आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन तापमानं घ्यायची. उशीर केला तर रबर निवतं आणि आकडे फसवतात. बाहेरची कड जास्त तापलेली असेल तर कॅम्बर अजून हवा. आतली पाच-सात अंशांनी जास्त असेल तर ठीक, त्याहून बरीच जास्त असेल तर कॅम्बर कमी करायचा. मधला भाग दोन्हीपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे. एका फेरीनंतर एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा.

ट्रॅकची ही मापं घरी येताना गाडीत ठेवू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद आहे. आपल्या गल्ल्यांतले गतिरोधक त्याहून अरुंद आणि उभे असतात. पुढे बाहेर ठेवलेला टो शीळ रस्त्याच्या खड्ड्यांत गाडीला इकडेतिकडे ओढतो आणि टायरची आतली कड खातो. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक गाडीची दोन पानं असतात, एक ट्रॅकचं आणि एक रस्त्याचं. स्प्रिंगची बैठक किती फेरे फिरवायची, टाय रॉड किती, स्ट्रटच्या वरच्या टोकाची कॅम्बर प्लेट कुठल्या खुणेवर, सगळं त्यात असतं. मालकाला ती पानं मी लिहून देतो आणि परत येण्यापूर्वी ट्रॅकच्याच पार्किंगमध्ये रस्त्याचं पान लावायला शिकवतो. त्यातही क्रम तोच, आधी उंची.