चाळीस गुणांचा रकाना

ग्रंथपाल बाईंनी माझ्या हातात एक कागद दिला आणि म्हणाल्या, "ताई, यंदा परीक्षकांत तुम्हीपण." मी नको म्हणायच्या आत त्या कपाटाकडे वळल्यासुद्धा. पतपेढीत चोवीस वर्षं मी खाती लिहिली. कादंबऱ्या मनापासून वाचत आले, सिनेमेही पाहिले. पण पाहिलेल्याला गुण द्यायची वेळ कधी आली नव्हती.

आमच्या वाचनालयाचा हा उपक्रम : जुन्या, गाजलेल्या कादंबऱ्यांवरचे चित्रपट दाखवायचे, आणि तीन वाचकांनी त्यांचं परीक्षण करायचं. कागदावर तीन रकाने होते. मूळ कादंबरीशी इमान, ४० गुण. काळाचं चित्रण, ३०. अभिनय, ३०. माझ्या वाट्याला 'पथेर पांचाली' आला. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची १९२९ सालची कादंबरी, सत्यजित राय यांचा १९५५ सालचा चित्रपट.

मला जे येतं ते मी केलं. आधी अनुवाद सावकाश वाचून काढला, मग एका वहीच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे पुस्तकात काय आहे, उजवीकडे चित्रपटात काय आहे. चित्रपट संपला तेव्हा उजवी बाजू निम्मी रिकामी होती. पुस्तकाचा तिसरा भाग काशीत घडतो, तो तर मुळातच नाही. घरातली म्हातारी नातलग इंदिर ठाकरून पुस्तकात धाकटा मुलगा अपू अगदी तान्हा असताना जाते. चित्रपटात ती पोरं मोठी होईपर्यंत जगते, बांबूच्या बनात बसल्या जागी मरते, आणि अपूची थोरली बहीण दुर्गा तिला हलवून पाहते. मी हिशेब केला आणि पहिल्या रकान्यात पेन्सिलीनं १४ लिहिले.

त्या रात्री मला झोप आली नाही. चित्रपट पाहताना मी रडले होते. शेजारच्या खुर्चीवरच्या आजी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. मग हे चौदा गुण कसले?

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंकडून कळलं, की काशीचा भाग राय यांनी टाकून दिलेला नाही. तो पुढच्या वर्षी, १९५६ साली, त्यांच्या 'अपराजितो' या चित्रपटात आला. या कादंबरीचा १९६८ सालचा इंग्रजी अनुवादही कुटुंब गाव सोडतं तिथंच थांबतो. म्हणजे राय यांनी न केलेल्या चुकीचे गुण मी कापले होते. ते परत दिले. पण इंदिर ठाकरूनचं काय करायचं? आणि आगगाडीचं?

आगगाडीनं मला सगळ्यात जास्त छळलं. पुस्तकात अपू आणि दुर्गा हरवलेलं वासरू शोधत भटकतात, तेव्हा रूळ पाहायला म्हणून दूर जातात, वाट चुकतात आणि काही न पाहता परत येतात. आजारपणात दुर्गा भावाला विचारते, मला एकदा आगगाडी दाखवशील? ती जाते. पुढे गाव सोडताना अपू गाडीत बसतो, तेव्हा त्याच्या मनात येते ती दूर उभी राहून गाडीकडे बघणारी बहीण, जिला गाडी बघायला मिळाली नाही. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं होतं आणि बराच वेळ उघडलं नव्हतं. चित्रपटात मात्र दोघं काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावतात, आणि गाडी येते! जगातल्या सगळ्या सिनेमाच्या पुस्तकांत ज्याचा फोटो असतो तो हाच प्रसंग. मला वाटलं, इथं तर कादंबरीचा कणाच काढून घेतला.

माझे सहपरीक्षक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. त्यांना मी हे तावातावानं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, कॅमेरा कुठं उभा आहे बघितलंत?" मी नव्हतं बघितलं. ग्रंथपाल बाईंनी तो तुकडा पुन्हा लावून दिला. दुर्गा धावताना अडखळते, मागे राहते. अपू पुढे जातो. आणि गाडी येते तेव्हा आपण रुळांच्या पलीकडे उभे असतो. चाकांच्या फटींतून पोरगा तुकड्यातुकड्यानं दिसतो. बहीण त्या क्षणात नाहीच. पुढे तापात पडलेली दुर्गा म्हणते, बरी झाले की पुन्हा गाडी बघायला जाऊ. पुस्तकातली न मिटलेली इच्छा इथंही न मिटलेलीच राहते, फक्त तिची जागा बदलते. हे मला तिसऱ्यांदा पाहिल्यावर कळलं.

मग मी वहीतली मधली रेघ खोडली आणि एकच गोष्ट धरून बसले : चोरीची वस्तू. पुस्तकात ती सोन्याची एवढीशी कुंकवाची डबी आहे. दुर्गानं ती चोरली म्हणून मार खाल्लेला असतो. दुर्गा गेल्यावर, घर आवरताना, डबी अपूच्या हाताला लागते आणि तो ती घरामागच्या बांबूच्या बनात भिरकावून देतो. चित्रपटात डबी नाही, माळ आहे. अपू ती धावत नेऊन तळ्यात टाकतो. माळ पडते तिथं पाण्यावरचं हिरवं शेवाळ फाकतं, काळं पाणी दिसतं, आणि शेवाळ हळूहळू पुन्हा जुळून येतं.

माझ्या जुन्या वहीप्रमाणे इथं दोन चुका होत्या. डबीची माळ झाली, बनाचं तळं झालं. पण बांबूच्या बनात पडलेली डबी पडद्यावर कशी दिसेल? पानांत कुठेतरी खळ्ळ असा आवाज आणि संपलं. पुस्तकात आपण अपूच्या मनात असतो, म्हणून तेवढं पुरतं. पडद्यावर मन दिसत नाही, म्हणून राय यांनी ते शेवाळ्याला दिलं. बहिणीची चोरी भावानं पोटात घातली, आणि गावाला ती कधीच कळणार नाही, हे पाणी सांगतं. इमान म्हणतात ते हे, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजूनही तसंच वाटतं. सरांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "वस्तू मोजू नका, पोरगं ती का टाकतंय ते बघा."

दुर्गा गेल्यावर मुलांचा बाप हरिहर परत येतो तो प्रसंगही असाच. गावाहून आणलेल्या वस्तू तो एकेक दाखवतो, दुर्गासाठीची साडी काढतो. पुस्तकात मुलांची आई सर्वजया बोलते, पोरगी गेली असं शब्दांत सांगते. चित्रपटात तिच्या तोंडून आवाजच येत नाही; तिच्या किंकाळीच्या जागी तारशहनाई वाजते. संगीत रविशंकरांचं. मूळ वाक्य गाळलं म्हणून गुण कापायचे? माझा हात झाला नाही.

काळाच्या रकान्यात मला फार विचार करावा लागला नाही. कोलकात्याजवळच्या बोराल गावातलं पडकं घर, कला-दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी उभं केलेलं ते अंगण, चेहऱ्याला रंग न लावलेली माणसं. काशाच्या फुलांचा प्रसंग अर्धा चित्रित झाला आणि दरम्यान गुरांनी ती फुलं खाऊन टाकली, म्हणून पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. पैसे संपून काम महिनोन्‌महिने बंद पडलं, शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं पैसे दिले. एवढ्या काळात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा वाढली नाही आणि इंदिर ठाकरून झालेल्या चुनीबाला देवी जिवंत राहिल्या, हे तीन चमत्कार असं राय पुढे म्हणत. चुनीबाला देवी तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. चित्रपट लोकांपुढे आला तेव्हा त्या नव्हत्या.

त्यांना बघून मला पहिल्या रकान्यातल्या इंदिर ठाकरूनचं उत्तर मिळालं. आमच्या आजोळी माजघराच्या कोपऱ्यात अशीच एक लांबची आत्या असे, स्वतःची वाटी वेगळी ठेवणारी. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मरण म्हणजे काय ते मला तिच्यामुळे कळलं. राय यांनी म्हातारीला जगवलं ते पोरांना हे कळावं म्हणून. दुर्गानं आधी एक मरण हातानं चाचपलेलं असतं, मग तिचं स्वतःचं येतं.

तरीही मी पूर्ण गुण दिले नाहीत. पुस्तकातला अपू आईच्या तोंडून महाभारत ऐकतो आणि त्याचा जीव कर्णासाठी तुटतो. रथाचं चाक जमिनीत रुतलं असताना मारला गेलेला तो कर्ण त्या पोराच्या डोक्यातून जात नाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको, आपल्याकडे घराघरात 'मृत्युंजय' वाचली गेली आहे. चित्रपटातला अपू 'जात्रा' हे बंगाली लोकनाट्य बघून चमकीचा मुकुट घालतो, मिशा काढतो, आणि ते गोडही आहे. पण हरणाऱ्यासाठी रडणारा तो मुलगा मला पडद्यावर सापडला नाही. राय यांच्यासारख्या माणसाला त्यासाठीही एखादं शेवाळ सापडलं असतं, अशी माझी खात्री आहे. म्हणूनच ते नसणं खुपलं.

कागद परत देताना चौदा खोडले. मूळ कादंबरीशी इमान : ४० पैकी ३६. चार गुण कर्णाचे.