परत आलेला मित्र

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस कोण, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पण डॉ. बिजयकुमार बसू म्हटले, की बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. खरे तर कोटणीसांची कहाणी आपल्यापर्यंत पोहोचली ती या बंगाली मित्रामुळेच.

1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबई बंदरातून 'राजपुताना' बोट सुटली. जपानशी झुंजणाऱ्या चीनला डॉक्टर हवे होते. सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना तशी विनंती केली आणि सुभाषबाबू अध्यक्ष असलेल्या काँग्रेसने पाच जणांचे पथक धाडले. प्रमुख होते डॉ. अटल, स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने ज्येष्ठ. कलकत्त्याचे मुखर्जी आणि बसू. आणि अठ्ठाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरलेले कोटणीस.

बोटीचा प्रवास मोठा गमतीचा. आवडो न आवडो, रोज तीच माणसे समोर! एक मराठी, एक बंगाली, दोघेही अविवाहित तरुण. पंधरवड्याने पथक कँटनला पोहोचले आणि पुढच्या महिन्यात ते शहर जपान्यांनी घेतलेही.

चुंगकिंगला पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाला 'हुआ' जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ, बसू झाले बा सुहुआ. तिथेच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. घरी परतले असते, तर कोणी नाव ठेवले असते का? पण ते गेले नाहीत. 1939 च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले.

मग एकेक जण परतू लागला. चोळकर, मुखर्जी आणि पुढे आजारी पडलेले अटल. उरले हे दोघेच. तेही फार काळ एकत्र राहिले नाहीत. बसू येनानला परतले; कोटणीस आघाडीजवळच थांबले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. 1941 मध्ये त्यांनी परिचारिका कुओ चिंगलान यांच्याशी लग्न केले. मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. बाळ अवघे काही महिन्यांचे असताना, 9 डिसेंबर 1942 रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय 32.

1943 मध्ये बसू एकटे मायदेशी आले. जोडीदाराला मागे ठेवून येणाऱ्याला सगळे एकच प्रश्न विचारतात, आणि उत्तर पुन्हा पुन्हा द्यावे लागते. बसूंनी ते दिले. त्यांच्याकडून ऐकून ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले, 'अँड वन डिड नॉट कम बॅक'. त्यावरून व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. कोटणीस घरोघरी पोहोचले, सांगणारा मात्र पडद्याआडच राहिला.

बसू पुढे पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्या सुयांनी उपचार करू लागले. चीनमधली त्यांची रोजनिशी पुस्तकरूपाने यायला 1986 साल उजाडले.