‘पाहा’ची कार्डं

मुंबईत हार्बर मार्गावरच्या आमच्या स्टेशनावर पाटी आहे गुरू तेगबहादूर नगरची. घरात, टॅक्सीत, भाजीवाल्याशी बोलताना मात्र आम्ही अजून कोळीवाडाच म्हणतो.

अशा दोन नावांशी माझी गाठ नोकरीतही पडली. ती परळकडच्या एका जुन्या ग्रंथालयात झाली. तिथली तालिकाकार्डांची कपाटं मोडीत काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाटलं, आठवड्याभरात उरकेल. तालिका संगणकावर आली होती, जागा अपुरी होती आणि नवी कार्डं लिहिणारं कुणी उरलं नव्हतं. (पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेनेही कार्डं छापणं थांबवलं. १९७१ पासून त्यांनी १९० कोटींच्या आसपास छापली होती!)

तरी वापर मोजायला हवा होता. पुस्तक नेताना नोंद होते, खण उघडताना होत नाही. म्हणून प्रत्येक खणाच्या फटीत मी कागदाची चिठ्ठी अडकवली. महिन्याने बहुतेक जागच्या जागी होत्या. लेखकांच्या ‘क’ आणि ‘ग’च्या मात्र रोज खाली. शिपाई म्हणाला, उंदीर असतील.

उंदीर नव्हते, एक निवृत्त शिक्षक होते.

“सर, संगणक आहे की.”

“त्यात केशवकुमार टाका.”

टाकलं. ‘झेंडूची फुले’ आलं, बस. कार्डावर लाल शाईत होतं : केशवकुमार – अत्रे, प्र. के. पाहा. गोविंदाग्रजांच्या कार्डावर गडकरी पाहा. संगणकात भरताना आम्ही पुस्तकागणिक एक नोंद धरली होती. ‘पाहा’च्या कार्डामागे पुस्तक नसतं, म्हणून ती गाळली. गाळणाऱ्यांत मीही होते.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा १९३१ चा पाचवा नियम, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, आमच्या सभांत नव्या खरेदीच्या वेळीच आठवतो. मला तो टाकून देतानाही लागू वाटतो. कपाटं जायलाच हवी होती. पण त्यांच्या पोटात आणखी एक काम गुपचूप चाललं होतं, ते कुठल्याच ठरावात नव्हतं.

दोन महिने लाल शाईची कार्डं वेगळी काढून संगणकात भरत बसले. मग सरांना खुर्ची दिली. त्यांनी एका बोटाने केशवकुमार टाकलं. अत्र्यांची अख्खी यादी आली. सर हसले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, “थांबा, आता ठणठणपाळ टाकतो.”