लॅमिंग्टन रोडची वारी

मुलांनो, सुट्टीत कोणी महाबळेश्वरला जातं, कोणी मामाच्या गावाला. यंदाच्या मे महिन्यात मी आणि माझा भाचा सोहम गेलो ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला! हे काही थंड हवेचं ठिकाण नव्हे, पण आम्ही तिथे गेलो होतो थंडावाच शोधायला. कोणासाठी? तर आमच्या दादाच्या संगणकासाठी.

आधी घडलेला प्रकार सांगते. माझा दादा डोंबिवलीत घरच्या घरी लग्नपत्रिका आणि लग्नाच्या निमंत्रणाचे छोटे व्हिडिओ करून देतो. सोहम नववीत गेलाय. जानेवारीत त्याने बाबांना न विचारता संगणकाचा वेग वाढवला. याला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. संगणकाच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, एका घड्याळाचा ठेका असतो. एका सेकंदात शंभर कोटी ठोके पडले की तो झाला एक गिगाहर्ट्झ. कारखान्याने ठरवून दिलेल्या ठेक्यापेक्षा जलद ठेका लावायचा, की झालं ओव्हरक्लॉकिंग. संक्रांत गेली, होळी गेली, सगळं सुरळीत. सोहमची कॉलर ताठ! आणि मे महिन्यातल्या एका दुपारी, ऐन लग्नसराईत, एक व्हिडिओ तयार होत असताना संगणक आधी रेंगाळला आणि मग फट्कन बंद पडला. दोन दिवसांचं काम गेलं. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. दादा काही बोलला नाही, पण जेवलाही नाही. तुम्हीच सांगा, यापेक्षा मोठा ओरडा कोणता?

मी विचारलं, "सोहम, जानेवारीत चाललं ते मेमध्ये का नाही चाललं?" त्याला उत्तर येईना. मग आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्याने वहीत नोंदी ठेवल्या होत्या, हे मात्र मला आवडलं. जानेवारीत खोलीचं तापमान होतं २५ अंश आणि काम करताना प्रोसेसर ८० अंशांवर. म्हणजे खोलीपेक्षा ५५ अंश जास्त. आता मेमध्ये खोलीच ३६ अंशांवर. त्यात ५५ मिळवा. झाले ९१! त्याच्या प्रोसेसरची, म्हणजे रायझन ५ ५६०० या चिपची, मर्यादा साधारण ९० अंशांची. साधी बेरीज, पण ती कोणी केलीच नव्हती. पंखा काही जादू करत नाही. तो उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो, एवढंच. खोलीपेक्षा थंड तो चिपला करूच शकत नाही.

मग सोहम म्हणाला, "आत्या, नुसता वेग कमी केला की झालं ना?" झालं असतंच. पण वहिनी मध्ये पडली. "शिकतोय तर नीट शिकू दे," म्हणाली आणि भिशीचे आठ हजार रुपये तिने माझ्या हातात ठेवले. अट एकच, संगणक पुन्हा मध्येच बंद पडता कामा नये.

तर निघालो. डोंबिवलीहून दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची धिमी लोकल, आणि ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका बरं का, बहुतेक दुकानं बंद असतात. स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवरचं नाव मात्र वेगळं, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचं नाव पाटीवरून गेलं तरी लोकांच्या तोंडून काही गेलं नाही. तुमच्या आजी-आजोबांना हा रस्ता सिनेमांचा म्हणून आठवत असेल. इथल्या 'मिनर्व्हा' टॉकीजमध्ये १९७५ साली लागलेला 'शोले' पाच वर्षं हलला नव्हता! आता ते टॉकीज नाही.

आता या रस्त्यावर काय आहे म्हणाल, तर काय नाही ते विचारा. फुटपाथवर छत्रीखाली वायरींची भेंडोळी, रिमोट, अडॅप्टर, मल्टिमीटर. चण्याफुटाण्यासारखे मापून द्यावेत तसे दिवे आणि स्क्रू. आणि आत, जुन्या इमारतींच्या लाकडी जिन्यावरून वर गेलं की एकाला एक लागून एवढीएवढीशी दुकानं. छतापर्यंत खोकी. गल्ल्यावर बसलेला माणूस मान वर न करता विचारतो, "बोलो, क्या चाहिए?" आपण सांगायचं, तो कागदावर भाव लिहून देतो, तो कागद घेऊन पुढच्या दुकानात जायचं. भाजी मंडईत आपण आईबरोबर फिरतो ना, तस्संच. फक्त इथे आधी अभ्यास करून यावं लागतं. नाहीतर दुकानदार देईल ते घेऊन घरी!

सोहमला हवा होता पाण्याचा कूलर. त्यात चिपवरची उष्णता पाणी उचलतं, नळीतून जाळीकडे नेतं आणि तिथले पंखे ती हवेत सोडतात. वर रंगीबेरंगी दिवे. पोरगा त्या खोक्यासमोरून हलेना. तिसऱ्या दुकानातले काका वयस्कर होते. त्यांनी चिपचं नाव विचारलं आणि हसले. "बेटा, स्कूटरला ट्रकचा रेडिएटर लावतोस काय?" मोठ्या, जास्त तापणाऱ्या चिपसाठी पाण्याचा कूलर उत्तम, असं ते म्हणाले. पण त्यात पंप असतो, पंप कधीतरी थकतो. आणि शेवटी उष्णता जाणार ती खोलीतल्याच हवेत. सगळे पैसे त्यातच गेले तर बाकीचं काय?

बाकीचं म्हणजे काय, ते तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. काकांनी विचारलं, "पॉवर सप्लाय कोणता आहे?" सोहमने नाव सांगितलं. काकांनी कपाळाला हात लावला! कॅबिनेटबरोबर फुकट आलेला होता तो. भिंतीतली वीज संगणकाला झेपेल अशी करून देणारा हा डबा. वेग वाढवला की चिप जास्त वीज मागते, आणि स्वस्त डबा ऐन वेळी हात वर करतो. संगणक फट्कन बंद पडण्यात त्याचाही हात असणार.

किती जास्त वीज? इथे मास्तरीण गप्प कशी बसेल! दुकानातच हिशेब मांडला. उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दहा टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही दहा टक्के वाढवलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१. उत्तर १.३३१. म्हणजे वेगात मिळाले दहा टक्के आणि उष्णता वाढली तेहतीस टक्के! काका म्हणाले, "मॅडम, गंमत बघा. या चिपला खाली पिनासुद्धा १३३१ आहेत." हा निव्वळ योगायोग, पण अकराचा घन मी आता कधी विसरणार नाही.

काकांनी जुनी गोष्टही सांगितली. १९९८ साली इंटेलची सेलेरॉन ३०० ए नावाची स्वस्त चिप आली होती. तिची ६६ मेगाहर्ट्झची बस लोकांनी १०० वर नेली, की ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर पळायची. फुकटात दीडपट! तेव्हा या रस्त्यावर तिच्यासाठी कॉलेजच्या मुलांची रीघ लागायची म्हणे. आता तसं राहिलेलं नाही. कारखानेच चिपला जवळजवळ तिच्या शक्तीच्या टोकापर्यंत पळवतात. इंटेलच्या ज्या चिपच्या नावात 'के' अक्षर असतं, साधारण तिचाच वेग वाढवता येतो, आणि त्यालाही मदरबोर्ड त्या जातीचा लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझन चिपा मोकळ्या असतात, पण अगदी स्वस्त मदरबोर्ड तिथेही आडवा येतो. विक्रमाची गोष्ट वेगळी. २०११ साली एएमडीच्या चिपने ८.४ गिगाहर्ट्झ गाठले आणि २०२२ मध्ये इंटेलच्या चिपने ९ ओलांडले, ते द्रवरूप हेलियम ओतून. आपल्या घरी तर पाणीच दिवसातून दोन तास!

शेवटी काय घेतलं? चांगला, पाच वर्षांच्या हमीचा पॉवर सप्लाय. कॅबिनेटसाठी दोन पंखे, एक पुढून हवा आत घेणारा, एक मागून बाहेर टाकणारा. आणि उंच टॉवर कूलर. त्याच्या तांब्याच्या नळ्या दिसायला भरीव वाटतात, पण आतून पोकळ असतात आणि आत थोडंसं पाणी असतं. हवा काढून घेतल्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं, वाफ वर जाते, पंख्याच्या वाऱ्याने तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते खाली येतं. पाचवीतलं जलचक्रच की हे! कूलर १५५ मिलिमीटर उंच. सोहमने घरूनच माझ्या पट्टीने कॅबिनेट मोजून आणलं होतं, जागा १६० मिलिमीटर. पाच मिलिमीटरनी वाचलो. पैसे पुरले, आणि उरलेल्या चाळीस रुपयांत दोघांत एक वडापाव.

निघताना काका सोहमला म्हणाले, "जुना कूलर ओढून काढू नकोस हां. आधी दहा मिनिटं संगणक चालव, पेस्ट मऊ होईल. मग बंद कर, वायर काढ, आणि कूलर अलगद पिळून सोडव. नाहीतर चिप त्याच्याबरोबर उपटून येईल." ही पेस्ट चिप आणि कूलर यांच्या मधल्या बारीक फटी भरते. फटीत हवा राहिली तर उष्णता अडते, कारण हवा उष्णतेची वाईट वाहक. नवी पेस्ट वाटाण्याएवढी लावायची. सोहमने वहिनीला वाटाणा मागितला, मे महिन्यात! शेवटी सुका वाटाणा शेजारी ठेवून मापली.

मग परीक्षा. 'प्राइम ९५' नावाचा प्रोग्रॅम आहे. तो मुळात प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठीचा. ती मोहीम १९९६ पासून चालू आहे. उत्तर आधीच माहीत असलेली अवघड गणितं तो चिपला घालतो. एक जरी उत्तर चुकलं तर समजायचं, वेग झेपत नाही. ४.७ गिगाहर्ट्झवर अकराव्या मिनिटाला उत्तर चुकलं. संगणक छान चालू, पण गणित चूक! अशीच चूक व्हिडिओ बनवताना झाली तर कळणारही नाही. ४.६ वर चाळीस मिनिटांनी चुकलं. ४.५ वर रात्रभर चाललं, एकही चूक नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, खोलीत ३५ अंश असताना, व्हिडिओ बनवताना चिप ७४ अंशांवर.

आता खरं सांगू? वीस मिनिटांचा व्हिडिओ एकोणीस मिनिटांत झाला. एवढाच फरक! सोहमचं तोंड जरा उतरलं. मी गप्प राहिले. दादा मात्र मागे उभा राहून ७४ चा आकडा बघत होता. "म्हणजे आता दुपारी पण काम घेऊ शकतो," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्याने गिऱ्हाइकाला फोन लावला.

कॅबिनेटवर आता एक कागद चिकटवलाय, दादाच्या सुबक अक्षरात, लग्नपत्रिकेसारखी वेलबुट्टी काढून: 'लग्नसराईत हात लावू नये.' खाली सोहमने पेन्सिलीने लिहिलंय, 'चातुर्मासात चालेल का?'