टीपकागद

ओल्या कागदावर मी फडकं फिरवू देत नाही. जुने कागद सांभाळायला शिकणाऱ्या मुलांना आधी हेच सांगते: पुसायचं नाही, टिपायचं. पुसताना हात आडवा सरकतो आणि शाईही सोबत ओढली जाते. टिपताना तो सरळ खाली येतो, दाबतो, सरळ वर उठतो. पाखरं दाणे टिपतात, बायका पदराने डोळे टिपतात, आपण पत्ता टिपून घेतो. हवं तेवढंच नेमकं उचलायचं, बाकीच्याला धक्का लावायचा नाही. टीपकागदाचं कामही तेवढंच.

लिहायच्या कागदाला खळ देतात. जुन्नरी कागद खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणून त्यावर बोरूची शाई फुटत नसे. खळीने तंतूंमधल्या वाटा बुजतात. टीपकागद बिनखळीचा, त्या वाटा मोकळ्या, म्हणून केशाकर्षणाने पाणी आपसूक आत चढतं. तो नव्हता तेव्हा कारकून ओल्या अक्षरांवर बारीक वाळू भुरभुरवत. मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडला की तिचे कण अजूनही कधी कधी बोटांना लागतात.

मोडी पत्राची शाई बहुधा काजळीची. काजळी फिकी पडत नाही, पण तिला धरून ठेवणारा डिंक पाण्यात सुटतो. म्हणून पत्र पाण्याने धुण्याआधी एखाद्या अक्षराच्या शेपटाशी बारीक थेंब ठेवायचा, क्षणभर थांबून त्यावर टीपकागदाची पट्टी दाबायची, उजेडात पाहायची. पट्टी काळवंडली, तर ते पत्र पाण्यात घालायचं नाही. माझ्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या पुरात भिजलेली दप्तरं पुण्यातल्या घरांतून अजून येतात. घाईने उन्हात टाकलेली पानं पापडासारखी वळलेली, कडेला गाळाची रेघ. ४ नोव्हेंबर १९६६ ला फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदी राष्ट्रीय ग्रंथालयात शिरली, तेव्हा स्वयंसेवकांनी चिखलातून ग्रंथ काढले आणि पानांपानांत टीपकागद सरकवले. भिजलेल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरू शकते, आणि ऊन दाखवलं तर तो वाकडा होतो. दोन टीपकागदांमध्ये वजनाखाली ठेवला, की दोन्ही अंगांनी सारखा सुकतो.

मात्र टीपकागद बदलत राहायला हवा. भरलेला कागद ओल धरूनच ठेवतो. पहिला लवकर काढायचा, मग तासाभराने, मग रात्रभर. शेवटी पान हलकेच गालाला लावून पाहायचं. गार लागलं, तर कोरडं दिसत असूनही आत ओल आहे. नवे टीपकागद घालून पुन्हा वजनाखाली.