चिठ्ठ्यांचा डबा

शुक्रवार, रात्र.

कट्टा गावच्या शाळेत, लैंगिक शिक्षणाच्या तासाला, नववीच्या मुलांपुढे आज चिठ्ठ्यांचा डबा फिरवला. नाव लिहायचं नाही, मनातलं विचारायचं. एक चिठ्ठी मालवणीत: ‘डास चावल्यान एड्स होता काय?’ नाही होत. दुसरी जास्त मोलाची: ‘लक्षणा नसली तर रोग नाय ना?’ निम्मा तास मी इथेच घालवला. क्लॅमिडिया, गनोरिया हे लैंगिक संबंधांतून पसरणारे रोग कित्येकदा, विशेषतः मुलींमध्ये, काहीच न दाखवता राहतात आणि पुढे वंध्यत्वही येऊ शकतं. हे दोन्ही, आणि सिफिलिससुद्धा, वेळेत औषध घेतलं तर बरे होतात. एचआयव्ही मुळासकट जात नाही, पण रोजच्या गोळ्यांनी आटोक्यात राहतो. कंडोमने धोका पुष्कळ घटतो, शून्य होत नाही. एचपीव्ही या अशाच पसरणाऱ्या विषाणूवरची लस संबंध सुरू होण्याआधी, म्हणजे याच वयात घेतलेली बरी.

मागच्या बाकावर खुसखुस झाली. चालायचंच.

बाजारात एका पालकांनी अडवलं, “बाईनू, ह्यां पोरांका कशाक सांगतास?” म्हटलं, मोबाइल आधीच सांगतोय, तेही चुकीचं.

लैंगिक शिक्षणासाठी झटलेले र. धों. कर्वे आपल्याच कोकणातल्या मुरूडचे. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, खटले सोसले, १९५३ पर्यंत ते चालवलं. आणि २००७ मध्ये याच महाराष्ट्राने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली! हसावं की रडावं?

सोमवारी फळ्यावर लिहायचंय: शंका आली तर लाजेपायी मेडिकलमधून मलम आणू नका. सरकारी रुग्णालयात जा, नाहीतर १०९७ वर फोन करा. फुकट आहे.