शेवटचे दोनशे किलोमीटर

ब्युनोस आयर्स ते सांतियागो हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर. जाताना विमानाला सव्वादोन तास लागतात, परतताना पुष्कळदा दोन तासही लागत नाहीत. अंतर तेच, विमान तेच. पश्चिमेचा वारा जाताना आडवा येतो आणि येताना पाठीशी लागतो, एवढाच फरक. त्यात हिवाळ्यात चिलीचं घड्याळ तासभर मागे. सकाळी दहाला निघालेला माणूस तिथल्या सव्वाअकराला उतरतो आणि नुसतं वेळापत्रक वाचणाऱ्याला वाटतं, काय हा झपाटा!

यातली बरीचशी वाट सपाट. पंपासची कुरणं, शेतं, सरळसोट रस्ते, पुन्हा कुरणं. खुशाल डुलकी काढावी. मग बर्फाच्या पाण्याचे पाट पिऊन हिरवे झालेले मेंदोसाचे द्राक्षमळे येतात आणि त्यांच्यामागे लगेच अँडीज. पट्टे बांधायचा दिवा लागतो, कॉफीचे पेले गोळा होतात, विमान हादरू लागतं. उजवीकडची खिडकी असेल तर ६९६१ मीटरचा अकोंकाग्वा दिसतो. (नसेल तर शेजाऱ्यावरून खुशाल वाकावं, अशा वेळी भीड बाळगू नये.)

२ ऑगस्ट १९४७ रोजी 'स्टार डस्ट' हे ब्रिटिश विमान अकरा जणांना घेऊन याच वाटेनं चाललं होतं. खाली ढगच ढग. जमीन दिसत नसल्यानं सगळी भिस्त वेग आणि वेळेच्या हिशेबावर. इतक्या उंचावर वारा समोरून किती जोरानं वाहतो, हे तेव्हा वैमानिकांना नीटसं ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ५.४१ ला मोर्सवर निरोप आला : ५.४५ ला पोचतो. कागदावर डोंगर मागे पडला होता. प्रत्यक्षात तो अजून पुढ्यातच होता, असं पुढे तपासात निघालं. तुपुंगातो शिखरावरच्या हिमनदीनं विमान पोटात घेतलं, पन्नासेक वर्षं खाली खाली सरकवत नेलं आणि १९९८ मध्ये त्याचं इंजिन गिर्यारोहकांच्या नजरेला पडलं.

१९७२ च्या ऑक्टोबरात उरुग्वेच्या रग्बी खेळाडूंचं विमान मेंदोसाहून निघालं. थेट शिखरांवरून जाणं त्याला झेपणारं नव्हतं, म्हणून दक्षिणेच्या खिंडीतून वळसा. खिंडीपासून चिलीतलं कुरिको अकरा मिनिटांवर. वैमानिकानं तीनच मिनिटांत ते गाठल्याचं कळवलं, विमान उत्तरेला वळवलं आणि ते डोंगरांतच कोसळलं. पंचेचाळीसांतले सोळा जण बहात्तर दिवसांनी वाचले. त्यांच्या तगून राहण्यावर पुस्तकं आली, सिनेमे आले. मला मात्र त्या आठ मिनिटांचाच जास्त धसका बसला आहे.

मेंदोसा ते सांतियागो हवेतून दोनशे किलोमीटरही नाही, तासाभराचंच काम. बसनं साडेतीनशेच्या वर आणि सीमेवरची तपासणी धरून सहा-सात तास, तेही सगळं सुरळीत झालं तर. तीन हजार मीटरांवरचा बोगदा संपला की चिलीच्या अंगाला लोस काराकोलेसची वळणं सुरू होतात. वरून पाहिलं तर एकाच रस्त्यावरचे ट्रक एकाखाली एक, एकाचं तोंड डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. जुलै-ऑगस्टात बर्फ कोसळला की खिंड बंद. अलीकडच्या अंगाला, अर्जेंटिनातल्या उस्पायाताला ट्रकांची रांग लागते, चालक 'माते' या पेयाचा पेला एकमेकांकडे फिरवत बसतात आणि किती किलोमीटर राहिले हे कुणी विचारत नाही. पलीकडून कुणी आलंच, तर रस्ता कधी उघडणार तेवढं विचारतात.